घरच्या वाफ्याची विहीर

माय,

आपल्या मळ्यामागचा नाला बंद झाला. आपोआप नाही झाला, मी केला. नगर परिषदेत पाणी आणि गटार ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत, त्यामुळे नदी स्वच्छ करायची सरकारी योजना आपल्या गावाला मंजूर झाली तेव्हा ती माझ्याच टेबलावर येऊन पडली. वस्ती संपते आणि मळे सुरू होतात तिथे नाल्याला आडवा बांध घातला आहे. बांधापाशी एक चेंबर आहे. गावाचं सगळं घाण पाणी त्या चेंबरमध्ये उतरतं आणि जमिनीखालच्या जाड पाइपातून स्मशानाच्या पुढे, नदीकाठी बांधलेल्या प्लांटमध्ये जातं. तिथे ते टाक्यांमध्ये घुसळतात, निवळू देतात, औषध टाकतात आणि मगच नदीत सोडतात. तुला हे सांगितलं असतं तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. गटाराचं पाणी धुऊन काढायचं, आणि त्याच्यासाठी एवढी मोठी इमारत! पण होतं खरं तसं. तू गेलीस तेव्हा नदी नाल्यापर्यंत नदी होती आणि नाल्याच्या पुढे काळी होती. मग गाव वाढत गेलं आणि पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावू लागले. या उन्हाळ्यात पुलाखाली तळाची वाळू दिसली. लोक गाड्या थांबवून, वाकून बघत होते. मीही थांबले, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, कारण कोणी ओळखलं असतं तर तिथेच आपल्या गल्लीतल्या नळाचं गाऱ्हाणं सुरू केलं असतं. बराच वेळ बघत उभी राहिले. ऊर भरून आला होता माझा, खोटं कशाला सांगू.

आणि त्याच उन्हाळ्यात आपला मळा वाळत होता.

नाल्याचं तुला काय सांगायचं? तू त्याच्यातूनच पाट काढला होतास. दुसऱ्यांच्या विहिरीवरचा पालक वीतभर व्हायचा तेव्हा आपला गुडघ्याला लागायचा. मेथी, कोथिंबीर, चवळीचा पाला, काहीही लाव, नाला त्याला खाऊ घालायचा. खत विकत आणल्याचं मला आठवत नाही. सकाळचं ते दृश्य मला अजून लख्ख दिसतं. तू काठावर उकिडवी बसली आहेस, लुगडं वर खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत काळे. मी जुड्या बांधून तुझ्या हातात देते आहे आणि तू एकेक जुडी नाल्यात बुचकळून, झटकून टोपल्यात रचते आहेस. बाजारात पोचेपर्यंत भाजी ताजी दिसली पाहिजे. त्या पाण्यात काय काय आहे हे मला दिसत होतं, कारण अर्ध्या गावाचे संडास वर त्याच नाल्यावर होते. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीचा माणूस विचार करत नाही. विचार करायला लावला तो वर्गातल्या एका मुलीने. मी तिच्या शेजारी बसले तर तिने नाक धरलं आणि ‘गटारवाली’ म्हणाली. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि उद्यापासून नाल्यावर येणार नाही म्हणून सांगितलं. तू निंदत होतीस. विळा खाली ठेवलास, पण उठली नाहीस.

“नाल्याले काऊन नावं ठेवतं वं?” तू म्हणालीस. “त्याच्याच भाजीवर तुही साळा चालू हाय. ते पोरगी नाक धरते त धरू दे. तिची मायच माह्याजवळून पालक नेते.”

हे शेवटचं वाक्य बोलून तू गालात हसलीस. ते हसू मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते कळायला आपल्या घरच्या वाफ्याचं सांगितलं पाहिजे. मळ्याच्या कोपऱ्यात विहिरीला लागून तुझे दोन वाफे वेगळे होते. पाटाचं पाणी तिकडे फिरकू नये म्हणून तू मातीचा उंच वरंबा घातला होतास आणि पावसाने तो खचला की सगळी कामं टाकून आधी तो नीट करायचीस. त्या दोन वाफ्यांना पाणी फक्त विहिरीचं. दोराने बादली शेंदायची आणि तांब्याने ओतायची. मळा भिजवून तुझी कंबर आधीच मोडलेली असायची, तरी तू शेंदायचीस. घरात भाजी शिजायची ती त्याच वाफ्यांतली. बाजारातून परत आलेल्या जुड्या तू शेळीला घालायचीस, घरात कधी आणत नव्हतीस. एकदा तुला बाजारातून यायला उशीर झाला, म्हणून मी मोठेपणा करून स्वयंपाक केला. समोर दिसला तो पालक उपटला, बाजाराच्या वाफ्यातला. भरपूर लसूण घालून केलेली भाजी होती, वास दरवळत होता. तू आलीस, झाकण उघडलंस आणि विचारलंस, “कोनत्या वाफ्यातला?” मी सांगितलं. तू पातेलं उचललंस, अंगणाच्या कडेला नेऊन पालथं केलंस आणि राखेने दोनदा घासलंस. मला रडू आलं. मग तू चुलीशी बसून बेसन कालवलंस आणि मला जवळ ओढून म्हणालीस, “घरचं ते घरचं. धेनात ठेवजो.” एवढंच. कारण काही सांगितलं नाहीस.

पुढे मी हिवरा आश्रमला शिकायला गेले, मग इंजिनिअरिंगला. तिथे सांडपाण्याचा विषय आला तेव्हा बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू जाणून होतीस. त्या पाण्यात काय आहे आणि ते पोटात गेल्यावर काय होतं, हे तुला शाळेत न जाता समजलेलं होतं, म्हणून तर आमच्यासाठी वेगळे वाफे होते. मग बाकीचं गाव? त्या नाक धरणाऱ्या मुलीच्या ताटात काय पडत होतं? मला तुझा राग आला, माय. आणि राग आल्याबरोबर असंही वाटलं की तुझी कूस सोडून दुसरीकडे जन्माला आले असते तर मला कोणी एवढं जपलं असतं का. तुला विचारायचं ठरवलं होतं, पण विचारीपर्यंत तू राहिली नाहीस. पुढे नोकरीला लागले, गावोगावच्या सभांमध्ये घाण पाण्यावर भाषणं दिली, पण तुझ्याबद्दलची ती गोष्ट मी कुठे बोलले नाही.

तर आता मळ्याचं. दादा ट्रकवर असतो, आठ-आठ दिवस बाहेर. मळा वहिनीच बघते, तुझ्यासारखाच. घरचा वाफा पण तिने तसाच चालू ठेवला आहे, तुझ्या वरंब्यासकट. बांध झाला, नाला कोरडा पडला, तेव्हा तिला वाटलं निदान विहीर आहे. पण महिनाभरातच विहिरीचं पाणीही खाली गेलं. ती ऑफिसात आली आणि सगळ्या लोकांसमोर मला म्हणाली, “ताई, नदी साफ कराची हाय त करा. आमचा मळा काऊन साफ करून राह्यल्या? नाला नेला त नेला, विहिरीचंही पानी ओढलं तुमी.” लोक माझ्याकडे बघायला लागले. मी तिला चहा पाजला, समजूत घातली आणि काहीतरी मार्ग काढते म्हणाले. मार्ग कुठला, मला तेव्हा काहीच सुचत नव्हतं. आणि तिचं ते विहिरीचं वाक्य कानात अडकून बसलं होतं. नाला थांबला म्हणून विहीर का उतरावी, याचं उत्तर मला माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीत होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर थोड्या दिवसांनी नदी पुन्हा काळी झाली. खालच्या गावच्या बाया बाटल्यांमध्ये नदीचं पाणी भरून माझ्या ऑफिसात आल्या. त्यांच्या गावात मी स्वतः सभा घेतली होती, आता तुमचा घाट पहिल्यासारखा होईल म्हणून छातीठोक सांगितलं होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने बाटलीचं बूच काढून ती माझ्यासमोर ठेवली. “घ्या म्याडम, प्या,” ती म्हणाली. “तुमीच त म्हनलं होतं साफ झाली.” मला वाटलं जमीन फाटावी आणि आत जावं. तशीच गाडी काढली आणि बांधावर गेले. चेंबरच्या तोंडात युरियाची रिकामी पोती माती भरून कोंबलेली होती. पाइप तुंबला होता आणि पाणी बांधावरून उसळून जुन्या नाल्यात पडत होतं, तिथून पाटाने मळ्यांत आणि उरलेलं नदीत. शेजारच्या मळ्यांतल्या दोघीतिघी मला बघून खाली मान घालून निंदायला लागल्या. वहिनी मात्र बांधावर बसून होती, हात मातीने भरलेले.

“मीच कोंबली,” ती म्हणाली. “कोनाचं नाव घेऊ नका. लिवा माहं नाव.”

“वहिनी, खाली माणसं राहतात.”

“अन् इथं कोन राह्यते, जनावरं? पोरीची साळा हाय, घर हाय. तुमचं शिक्षन कोन्या पान्यावर झालं ताई? याच ना?”

मला इतका संताप आला, आणि तो तिच्यावर होता की स्वतःवर ते कळेना. मी साडी खोचली आणि पोती ओढायला लागले. माती भरलेली पोती पाण्यात भिजली की हलत नाहीत. शेवटी शिव्या देत देत तीच खाली उतरली आणि दुसऱ्या बाजूने ओढायला लागली. दोघी नखशिखांत भरलो. ती पाण्याला शिव्या देत होती की मला, हे मी विचारलं नाही.

ऑफिसातले आमचे मोठे साहेब म्हणाले, पोलिसात तक्रार द्या. सरकारी कामाचं नुकसान आहे, अशी एक तक्रार गेली की बाकीचे सरळ होतात. मी म्हटलं, तक्रारीने पोती निघतील, पण मळे भिजणार नाहीत, आणि मळे भिजले नाहीत तर पोती पुन्हा येतील. प्लांटमधलं शुद्ध केलेलं पाणी आपण नदीत सोडतो. शासनच म्हणतं की ते शेतीला वापरा. त्यातलं थोडं पंपाने वर चढवून या मळ्यांना द्या. साहेबांनी चष्मा काढला. “त्यात एक मळा तुमच्या घरचाच आहे ना?” त्यांनी विचारलं. आवाज गोड होता, पण बोचायचं ते बोचलं. मी म्हटलं, हो, माझ्या आईचा. म्हणूनच सांगते, त्या बाया ऐकणाऱ्यातल्या नाहीत. ते हसले. मग म्हणाले, पंपाचा खर्च कशाला? तिथे विहीर आहे म्हणता ना? तीच खोल करून द्या. फक्त आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या, चांगलं असेल तर आपलं काम स्वस्तात होईल.

म्हणजे सगळं येऊन थांबलं तुझ्या विहिरीपाशी.

नमुना मी स्वतः घ्यायला गेले. तसं ते माझं काम नाही, पण तुझ्या विहिरीत दुसऱ्या कोणी बाटली सोडावी असं मला वाटेना. वहिनी सोबत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. “तपासा न,” ती म्हणाली. “सासूबाईनं आमाले याच्याबिगर दुसरं पानी पाजलं नाही. अमृत हाय हे.” तिने ओंजळीत घेऊन पिऊनसुद्धा दाखवलं. मी ओरडले तिच्यावर, तपासणी होईपर्यंत पिऊ नको म्हणून, आणि ती बघतच राहिली. काठावर वाकून बाटली वर ओढताना मी आत बघितलं. नाल्याच्या बाजूच्या दगडांवर जुन्या झिरप्याचे काळे ओघळ होते. लहानपणी मी त्याच काठावर पोटावर पडून माझं तोंड पाण्यात बघत असे, तेव्हाही ते असतील. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि बुलढाण्याला पाठवली.

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कामात होते. “मॅडम, लेबलची गडबड झाली का?” त्यांनी विचारलं. “ही विहीर आहे की नाला?” मी म्हटलं, विहीर आहे. “मग नाल्याला लागून असणार,” त्या म्हणाल्या, “आणि आजची नाही ही गोष्ट. सांडपाण्याचं इतकं नायट्रेट एका वर्षात येत नसतं.” मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

माय, वरच्या पाटाचं पाणी अडवायला तू वरंबा घातलास. खालून कोण अडवणार होतं? आपली जमीन मुरमाड, नाला हाकेच्या अंतरावर. तू बादलीने वर काढत होतीस तोही नालाच होता, फक्त मातीतून गाळून आलेला, म्हणून स्वच्छ दिसणारा. मला सगळ्यात जास्त आठवते ती दादाची कावीळ. उंद्रीहून तुझी आई आली होती, तिने मुळ्याच्या पाल्याचा रस द्यायला सांगितला. बाजाराच्या वाफ्यात मुळा भरपूर होता, पण तू घरच्या वाफ्यातलाच पाला खुडलास, विहिरीच्या पाण्यात तीनतीनदा धुतलास, पाट्यावर वाटलास, धोतराच्या फडक्यातून पिळलास आणि कच्चाच त्याला पाजलास. रोज, तो बरा होईपर्यंत. तो पिवळा पडलेला, तू त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं, वाटी त्याच्या ओठांना लावलेली. त्याच पाण्याने त्याला ते दुखणं दिलं असेल, आणि तेच पाणी तू त्याला औषध म्हणून देत होतीस. तो वाचला. कसा वाचला, ते कोणत्याही पुस्तकात सांगितलेलं नाही.

आणि आता गंमत बघ. विहीर नापास झाली म्हणूनच मळे वाचले. विहिरीचं पाणी चालत नाही हे कागदावर आलं तेव्हा साहेबांपुढे पंपाशिवाय मार्ग उरला नाही. नदीकाठाने पाइप टाकला, प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी एक कॉक दिला. जुड्या धुवायला नळाचं वेगळं कनेक्शन मी भांडून घेतलं. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा सगळ्या बाया जमल्या होत्या. वहिनीने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “याच्यात दम नाही ताई. धुतल्यावानी लागते.” मी म्हटलं, धुतलेलंच आहे ते. पहिली कापणी खरंच फिकट झाली. सगळ्यांनी मला मनसोक्त नावं ठेवली, मी ऐकून घेतलं. आता त्या शेणखत घालतात. पालक परत काळाभोर नसला तरी हिरवा आहे, आणि चेंबरमध्ये पुन्हा पोती निघाली नाहीत. खालच्या गावची म्हातारी भेटली होती. घाटावर जाऊन आल्याचं तिने सांगितलं.

विहिरीला मात्र लाल रंग द्यावा लागला. प्यायला अयोग्य असलेल्या पाण्याला तसा द्यावा लागतो, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळतं. आमच्या माणसाने काठावर लाल पट्टा ओढला तेव्हा वहिनी माझ्याशेजारी उभी होती. तिने घरच्या वाफ्याचा वरंबा फोडून तिथे पाइपाचं पाणी घेतलं आहे, कारण आता सगळं पाणी एकच. रंगाकडे बघत ती हळूच म्हणाली, “ताई, हे आत्ताच झालं असन ना? सासूबाईच्या टायमाले चांगलं असन.”

मी म्हटलं, हो वहिनी. आत्ता आत्ताच खराब झाली.

नोकरीत मी आजवर खोट्या कागदावर सही केलेली नाही. साहेबांना विचार, बदल्या भोगल्या आहेत त्यापायी. पण हे पत्र तुला पोचणार नाही, आणि पोचलं तरी तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं खरं लिहू शकले. तू समोर असतीस आणि कंबरेवर हात ठेवून, घामाघूम, विचारलं असतंस की कसं काय निघालं वं आपल्या विहिरीचं पानी, तर मला माहीत आहे मी काय म्हटलं असतं.

चांगलं हाय माय. एकदम चांगलं हाय.